मैदानावर बेस वाजवायचाय: एट टेन घेऊ, ट्यूब हेड विकू, की अजून एक फोर टेन?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुझ्याकडे ३०० वॉटचं ऑल ट्यूब हेड, म्हणजे ट्यूबवर चालणारा, स्पीकर नसलेला अँप आहे, मागे आउटपुटला फक्त २ ओम आणि ४ ओम असा सिलेक्टर, आणि सोबत ८ ओमचं एकच फोर टेन कॅब, म्हणजे चार दहा इंची स्पीकर असलेली पेटी. फायनल मॅच झाली की बक्षीस वाटप, आणि त्यानंतर त्याच मैदानावर तुमचा बँड. गिटारवाला म्हणतो एट टेन, म्हणजे आठ दहा इंची स्पीकरवालं कॅब घेऊन टाक, ड्रमर म्हणतो हे जड धूड विक आणि हातात मावेल असं क्लास डी (हलकं, ट्रान्झिस्टरवालं) हेड घे. आणि प्रॅक्टिस रूममध्ये छाती हलवणारा तुझा बेस मागच्या वेळी उघड्यावर गेला कुठे तेच कळलं नाही. शिवाय बेसवाल्यांना खेळातलं काही कळत नाही असं ड्रमर सारखा म्हणतो, त्यावरही तुला काहीतरी हवंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हेड विकू नकोस, एट टेनही घेऊ नकोस, आहे तस्संच अजून एक फोर टेन घे, तेच मॉडेल, तेच ८ ओम. आणि ते येईपर्यंत आत्ताचं हेड या एकट्या कॅबवर जोरात वाजवणं बंद कर, हे सगळ्यात महत्त्वाचं.

कारण ओम, म्हणजे स्पीकरचा अँपला होणारा विद्युत रोध. ट्रान्झिस्टरवाल्या अँपमध्ये आपल्याला सवय असते की "किमान ४ ओम" लिहिलंय म्हणजे ८ ओम लावलं तर काही बिघडत नाही, फक्त पॉवर कमी मिळते. ते तिथे खरं आहे. ट्यूब अँपमध्ये मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आणि स्पीकरचा जो काही लोड आहे तो ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तराने मोठा होऊन पॉवर ट्यूबना दिसतो. तू ४ ओमच्या सेटिंगवर ८ ओमचं कॅब लावलंस की ट्यूबना जेवढा लोड दिसायला हवा त्याच्या दुप्पट दिसतो, मग ट्यूबच्या प्लेटवरचा व्होल्टेजचा झोका वाढतो, तिच्या स्क्रीन ग्रिडवर ताण येतो, आणि या मोठ्या हेडमध्ये प्लेटवर आधीच ७०० व्होल्टच्या आसपास असतात. हळू वाजवताना बरेच दिवस काही होणार नाही, म्हणूनच लोकांना वाटतं की चालतं. फुल गेनवर स्लॅप करायला, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवायला लागलास की ट्यूबच्या सॉकेटवर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये ठिणगी पडायची शक्यता असते, आणि ट्रान्सफॉर्मर गेला की तो त्या हेडमधला सगळ्यात महाग पार्ट. याच्याही पुढची गोष्ट म्हणजे कॅब न लावता ट्यूब हेड चालू करून सिग्नल देणं, ते कधीच, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. ट्यूब अँपला शॉर्टपेक्षा उघडं आउटपुट जास्त घातक, ट्रान्झिस्टरवाल्याला नेमकं उलटं.

आता दुसरं ८ ओमचं फोर टेन पॅरलल लावलंस की दोन्ही मिळून ४ ओम, सिलेक्टर ४ वर, हिशोब बरोबर बसला. दोन्ही कॅबना सारखी पॉवर, आठही स्पीकर सारखं काम करणार. इथे बरेच जण सांगतील की फोर टेनखाली एक १५ इंची लाव म्हणजे खालचा खर्ज मिळेल. मी नाही सांगणार. एक तर बरीच १५ वाली कॅब ४ ओमची असतात, मग ८ आणि ४ मिळून २.६७ ओम होतात, सिलेक्टरवर असं सेटिंगच नाही, आणि १५ वाल्याला फोर टेनच्या दुप्पट पॉवर जाते, म्हणजे चार स्पीकर आरामात आणि एक बिचारा मरतोय. दुसरं म्हणजे १५ इंची म्हणजे जास्त खोल आवाज हा समजच चुकीचा आहे. किती खाली जाणार ते ठरतं कॅबचा आतला आकार, ट्यूनिंग आणि स्पीकरचा कोन किती लांब मागेपुढे जाऊ शकतो यावर, नुसत्या इंचांवर नाही. चांगलं पोर्टेड (पेटीला हवेसाठी भोक असलेलं) टू टेन एखाद्या साध्या १५ पेक्षा खाली जातं. वेगळी कॅब मिसळली की मधल्या काही फ्रिक्वेन्सींना दोघं एकमेकांना मारतात, आणि कुठल्या जागी कुठला स्वर गायब होईल ते सांगता येत नाही.

बरं, मैदानावर बेस गायब का झाला? चार तारांच्या बेसची मोकळी ई म्हणजे ४१ हर्ट्झ, पाच तारांची खालची बी साधारण ३१. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरपेक्षा लांब असते. एवढी लांब लाट कॅबच्या फक्त पुढे जात नाही, चारी बाजूंना पसरते. खोलीत भिंती, छत, कोपरे तिला परत पाठवतात आणि तुला फुकट मदत मिळते, नुसतं भिंतीला चिकटवून ठेवल्यानेही खालचा भाग बराच फुगतो, कोपऱ्यात आणखी. मैदानावर भिंतच नाही. गेली ती लाट गेली. त्यात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणजे कॅबपासून १ मीटरवर १२० डेसिबल असेल तर ३२ मीटरवर ९० उरतात. प्रॅक्टिस रूममध्ये तू जे ईक्यू लावतोस, खालचा आणि वरचा वाढवून मधला खड्डा, ते खोलीत एकट्याने वाजवताना सुंदर वाटतं आणि मैदानावर बँडबरोबर लावलं की बेस संपलाच.

कारण आपल्याला बेस "ऐकू येतो" तो मुख्यतः मूळ स्वरामुळे नाही, त्याच्या वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या स्वरांमुळे. ४१ चा पहिला जोडीदार ८२, मग १२३, मग १६४. खालचा मूळ स्वर कमी असला तरी वरचे शाबूत असतील तर कान तो स्वर स्वतःच पुरा करतो. ज्या सील्ड (बंद पेटीच्या) एट टेनवर अर्धं रॉक म्युझिक उभं आहे त्याचं स्पेसिफिकेशन बघ, ५८ हर्ट्झलाच ते ३ डेसिबलने खाली आलेलं असतं आणि ४० ला १० डेसिबलने खाली. तरी ते ऐकताना कुणी म्हणत नाही की यात खर्ज नाही. म्हणून मैदानावर २५० ते ८०० हर्ट्झ हा पट्टा सोडायचा नाही, उलट जरा वर घे. आणि ४० च्या खालचं वाढवायच्या भानगडीत पडू नकोस, तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली गेलं की कोनला चौपट हलावं लागतं. अँपची पॉवर आणि कोनचा जीव दोन्ही तिथेच जातात. तुझं कॅब पोर्टेड असेल तर ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधारच राहत नाही, तो मोकाट हलतो, म्हणून ३०-३५ हर्ट्झचा हायपास फिल्टर (त्याखालचं कापून टाकणारा) लाव. ही छोटीशी वस्तू बेसवाल्याच्या पेडलबोर्डवर असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, ओव्हरड्राइव्हचं पेडल नंतर घेतलंस तरी चालेल.

आता वॉटचं. लोक वॉट बघून अँप घेतात आणि स्पीकर जे मिळतील ते, माझा सगळा अनुभव याच्या उलट सांगतो. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे जेमतेम कळेल इतका फरक. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. तेच स्पीकरची संख्या दुप्पट केली तर तेवढ्याच पॉवरमध्ये खालच्या भागात जवळजवळ ३ डेसिबल मिळतात, आणि शिवाय तेवढाच आवाज काढायला प्रत्येक कोनला अर्धंच हलावं लागतं. हा दुसरा फायदा कागदावर दिसत नाही पण वाजवताना लगेच कळतो, जोरात मारलेली तार फाटत नाही, गोल राहते. कॅब छोटं, खोल जाणारं आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज देणारं, या तिन्हीतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, हा हॉफमनचा नियम कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीपेक्षा खरा आहे. एवढंसं कॅब आणि जमीन हादरवणारा आवाज असं कुणी म्हणालं की विचारायचं, मग पॉवर किती खातं?

ॲम्पेग या अँप कंपनीने १९६९ मध्ये ते ३०० वॉटचं एसव्हीटी हेड आणलं तेव्हा सुरुवातीला ते दोन एट टेनबरोबरच द्यायचे, कारण त्या काळच्या स्पीकरना एकट्या कॅबमध्ये एवढी पॉवर झेपत नव्हती. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात त्याचे सुरुवातीचे नमुने वापरले. म्हणजे मोठ्या स्टेजवरचा तो आवाज ट्यूबचा होता तसाच स्पीकरनी हलवलेल्या हवेचाही होता, आणि ही दुसरी बाजू लोक विसरतात. त्याच्याही आधी फेंडरने १९५१ ला प्रिसिजन बेस काढला आणि १९५२ ला त्यासाठी बेसमन अँप, आत एकच १५ इंची स्पीकर. पुढे त्याचं चार दहा इंचीवालं रूप आलं, ते गिटारवाल्यांनी उचललं, आणि मार्शलचा पहिला अँप त्याच्याच सर्किटवरून तयार झाला. तुझा गिटारवाला ज्या आवाजाच्या प्रेमात आहे त्याचा उगम बेसच्या अँपमध्ये आहे, हे त्याला जरूर सांग.

मग एट टेन का नको? वाईट आहे म्हणून नाही, मला स्वतःला त्याच्यासमोर उभं राहून वाजवायला फार आवडतं. पण ते साठ-पासष्ट किलोचं एकच धूड आहे, दोन माणसांशिवाय हलत नाही, जिन्यात वळत नाही, आणि छोट्या जागी वाजवायचं असलं तर अर्धं घरी ठेवून जाता येत नाही. दोन फोर टेन एकावर एक उभी ठेवलीस की आठ स्पीकर तेच, उंची जवळपास तीच, आणि वरचे स्पीकर कानाजवळ. ही उंची फार महत्त्वाची आहे. एकट्या फोर टेनचा आवाज जमिनीलगत सुटतो, मिड्स (मधले स्वर) आणि वरचा भाग तुझ्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही, म्हणून तू व्हॉल्यूम वाढवत जातोस आणि दहा मीटर पुढे उभ्या असलेल्या माणसाला टोचायला लागतं. मात्र कॅब शेजारी शेजारी आडवी नको. तशी ठेवलीस की बाजूला उभ्या लोकांना मिड्स कुठे येतात कुठे जातात, उभ्या रचनेत ते कमी होतं.

ड्रमरच्या क्लास डीवर येतो. दोन-तीन किलोचं हेड, ५०० वॉट, दर वेळी सारखा आवाज, यात नाकारण्यासारखं काही नाही, आणि पाठीचा विचार केला तर फारच चांगलं. फक्त "३०० ट्यूब वॉट म्हणजे ८०० साधे वॉट" वगैरे जे सांगतात ते शब्दशः घेऊ नकोस, वॉट म्हणजे वॉटच. फरक पडतो तो मर्यादेच्या जवळ गेल्यावर. ट्रान्झिस्टर अँप मर्यादेला आदळला की आवाज कर्कश होतो किंवा लिमिटर दाबून टाकतो, म्हणून आपण त्याच्या बरंच अलीकडे थांबतो. ट्यूब मर्यादेपाशी हळूहळू दबते, वरची टोकं गोल होतात, हार्मोनिक्स वाढतात आणि ते कानाला गोड लागतात, म्हणून आपण तिला शेवटपर्यंत, त्याच्याही थोडं पुढे नेतो. सरासरी आवाज त्यामुळे मोठा वाटतो. आणि याच कारणाने ३०० वॉटच्या ट्यूब हेडला ३०० वॉट लिहिलेलं कॅब पुरत नाही, पूर्ण ओव्हरड्राइव्हमध्ये त्याहून बरीच जास्त पॉवर बाहेर पडते. दोन्ही फोर टेन मिळून ६०० च्या वर असतील असं बघ. पुढेमागे एक छोटं क्लास डी हेड बॅगेत बॅकअप म्हणून ठेव, ट्यूब हेडवाल्याने ते ठेवावंच. पण तुझ्या हाताला त्या हेडची सवय आहे, जोरात मारल्यावर ते कसं दबतं त्यावर तुझी वाजवण्याची पद्धत बसलीय, ते विकून तुला आनंद होणार नाही.

आता खेळ. ड्रमरला ब्रेट ली माहीत असेलच, १५० च्या वर बॉल टाकणारा. सिक्स अँड आउट नावाच्या बँडमध्ये, भाऊ शेन ली आणि न्यू साउथ वेल्सचे आणखी काही क्रिकेटर सोबत, तो वाजवायचा बेस गिटार. वेमन टिसडेल १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकलेल्या अमेरिकन टीममध्ये होता, मग बारा सीझन एनबीए खेळला, आणि त्याचबरोबर जॅझ बेसिस्ट म्हणून इतकं नाव केलं की बऱ्याच लोकांना तो आधी बेसवाला म्हणूनच माहीत आहे. आयर्न मेडन बँडचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस लहानपणी वेस्ट हॅम क्लबमध्ये फुटबॉलचं ट्रेनिंग घ्यायचा आणि त्याच्या बेसवर त्या क्लबचं चिन्ह आहे. रेड हॉट चिली पेपर्स बँडच्या फ्लीने २०१६ ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या शेवटच्या मॅचआधी राष्ट्रगीत बेसवर वाजवलं. रश बँडचा बेसिस्ट गेडी ली बेसबॉलचा एवढा वेडा की त्याने नीग्रो लीगच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल लीगच्या) खेळाडूंच्या सह्या असलेल्या बॉल्सचा मोठा संग्रह कॅन्सस सिटीच्या म्युझियमला देऊन टाकला. एवढी यादी ड्रमरला पुरे व्हावी. आणि यात नवल काहीच नाही, दोन्हीकडे काम वेळेचं आणि पायांचं असतं, बाकीचे काय करतायत ते बघून क्षणात ठरवायचं असतं.

गेडी लीचं नाव निघालंच आहे तर तुझ्या मैदानाशी जोडलेली एक गोष्ट. त्याने बेसचा सिग्नल थेट पीएला (प्रेक्षकांसाठीच्या साउंड सिस्टिमला) द्यायला सुरुवात केली, स्टेजवर कॅबची गरजच उरली नाही, आणि ती रिकामी जागा भरायला त्याने मागे कपडे वाळवायची मशीन्स ठेवली, नंतरच्या दौऱ्यात कोंबडी भाजायची. स्टेडियमभर लोकांना त्याचा बेस तसाच ऐकू जात होता. तर तूही हे पक्कं धर की मैदानावरच्या लोकांना जो बेस ऐकू जाणार तो पीएच्या सबमधून (खर्जाच्या स्पीकरमधून), तुझी कॅब ही तुझ्यासाठी, ड्रमरसाठी आणि स्टेजवरच्या मजेसाठी आहेत. साउंडवाल्याशी भांडून स्टेजचा आवाज वाढवत बसू नकोस. हेडच्या डीआयमधून (थेट मिक्सरला जोडायच्या आउटपुटमधून) पोस्ट ईक्यू, म्हणजे तुझं ईक्यू लागलेला सिग्नल दे, आणि ट्यूबचा रंग हवाच असेल तर एका कोनसमोर माइकही ठेव, पण दोन्ही एकत्र करताना फेज उलटून बघायला सांग, जिथे खालचा भाग भरतो ते बटण बरोबर. साउंडचेक मॅचच्या आधी होणार असेल तर सेटिंगचे फोटो काढून ठेव, मधे बक्षीस समारंभाचे माइक येतात आणि सगळं हलतं.

कॅब ठेवायची जागाही बघून घे. मागे भिंत असेल तर चिकटवून ठेव किंवा खूप लांब, मधे नको. भिंतीपासून दीड मीटरवर ठेवलंस तर मागे जाऊन परत आलेली लाट ५७ हर्ट्झच्या आसपास पुढच्या लाटेला मारते, आणि ए, बी फ्लॅट हे स्वर पोकळ लागतात. स्टेज लाकडी आणि खालून पोकळ असेल तर कॅबखाली जाड फोम टाक, नाहीतर स्टेजच ढोल होतो.

ट्यूब हेडची मैदानावरची काळजी थोडक्यात. कॅबची वायर आधी, मग पॉवर, मग मिनिटभर स्टँडबायवर गरम होऊ दे. हेड ते कॅब स्पीकर केबलच हवी, दिसायला सारखी गिटारची केबल नाही, तिची आतली तार बारीक असते, गरम होऊन तुटली की तू बिनालोड वाजवत असतोस आणि वर सांगितलेलं सगळं तिथेच होतं. जमलं तर स्पीकॉनवाली घे, ती लॉक होते, कुणाचा पाय अडकला तरी निघत नाही. जनरेटरवर असशील तर वाजवायच्या आधी मीटरने व्होल्टेज बघ, आणि लाइट्स पूर्ण चालू असताना बघ. अर्थिंगची पिन हमिंग घालवायला कधीही काढू नकोस. प्रीअँपची एखादी ट्यूब वाजायला लागली तर पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेकीला हळूच टिचकी मार, जी स्पीकरमधून टण् करते ती ट्यूब (१२एएक्स७) बदल, तेवढं तुला स्वतःला जमेल. पॉवर ट्यूब मात्र मॅच केलेल्या संचातच बदलायच्या, बायस तपासून, आणि ते तंत्रज्ञाकडूनच, कारण हेड बंद करून प्लग काढला तरी आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज साठलेला राहू शकतो. शो संपला की लगेच उचलून गाडीत टाकू नकोस, गरम ट्यूबना धक्के सोसत नाहीत.

कानात इअरप्लग घाल, १०० डेसिबलला सुरक्षित वेळ १५ मिनिटं धरतात आणि तू तर झांजांच्या शेजारी असणार.

दुसरं फोर टेन घ्यायला जाशील तेव्हा मागच्या प्लेटवर ८ ओम लिहिलंय यावर थांबू नकोस, जुन्या कॅबमध्ये कुणीतरी स्पीकर बदललेले असतात. स्पीकर केबल लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धर. ८ ओमचं कॅब ५.५ ते ७ च्या मधे काहीतरी दाखवतं, ते बरोबर आहे, कारण मीटर नुसता तारेचा रोध मोजतो. ३ च्या आसपास दाखवलं तर ते ४ ओमचं आहे, तुझ्या कामाचं नाही. आकडा १२ किंवा जास्त आला तर एखादा स्पीकर उडालेला आहे किंवा आत वायर सुटलीय. मग पुढची जाळी काढून चारही कोन बोटांनी हलके, सारखा दाब देऊन आत ढकल, घासल्याचा आवाज आला तर तो स्पीकर गेलाय. एवढं झालं की तुझं हेड तिथे न्यायची गरज नाही, कुठल्याही छोट्या अँपवर मोकळी ई वाजवून, कुठे काही खडखडत नाही ना ते ऐक आणि घेऊन ये.